पत्रे शाबूत, नोंदवही गहाळ : केमेल आणि अकोनाडीच्या डेटाबेसचा इतिहास

१/
२०११ च्या जुलैअखेर लिनक्सवरील केडीई या डेस्कटॉपची ४.७ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यासोबत केमेल या ईमेल प्रोग्रामचा दुसरा अवतार आला. अद्ययावत करून मोठ्या उत्सुकतेने केमेल उघडणाऱ्या अनेकांना वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहाराऐवजी एकच निरोप दिसला : फोल्डरातील मजकूर आणला जात आहे, कृपया थांबा. लोक थांबले. कोणी चहा करून आले, कोणी रात्रभर संगणक चालू ठेवला. निरोप तसाच राहिला.

२/
त्या वेळी डिस्कवरची पत्रे बहुतेकांच्या बाबतीत जागच्या जागी होती. हरवली होती ती त्यांच्यापर्यंत नेणारी वाट. ती वाट एका डेटाबेसमधून जात होती आणि तो डेटाबेस आपल्या संगणकावर आहे, हेच अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले. पुढची बारा-तेरा वर्षे या डेटाबेसची दुरुस्ती हा केमेलच्या वापरकर्त्यांच्या जीवनाचा एक भाग होऊन बसला. हे असे का घडले, याची मुळे मात्र बरीच मागे आहेत.

३/
१९७१ साली युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीतच टपालाची आज्ञा होती. आलेले प्रत्येक पत्र एकाच फाईलच्या शेवटी जोडले जाई. पुढे एमबॉक्स या नावाने रूढ झालेल्या पद्धतीत नवे पत्र कोठे सुरू होते हे ओळखण्याची खूण एवढीच, की ओळीच्या आरंभी 'फ्रॉम' हा शब्द व त्यापुढे मोकळी जागा. पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ या शब्दाने सुरू झाली, तर तिच्यापुढे एक बाणासारखे चिन्ह घालून ती वेगळी करावी लागे. जुन्या पत्रसंग्रहांत ही चिन्हे आजही सापडतात. पद्धत ओबडधोबड खरी. पण पत्र आणि साठा यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते. फाईल उघडली की पत्र वाचता येई.

४/
१९९० च्या दशकाच्या मध्यास गणिती डॅनियल बर्नस्टाईन यांनी क्यूमेल या आपल्या टपाल-सर्व्हरसोबत मेलडिर ही पद्धत आणली : प्रत्येक पत्राला स्वतंत्र फाईल. एका वेळी दोन प्रोग्रामांनी एकाच फाईलवर लिहिण्याचा धोका त्यामुळे टळला, कुलुपांची गरज उरली नाही. पत्र वाचले की नाही, याची खूण फाईलच्या नावातच लिहिली जाऊ लागली.

५/
पण दोन्ही पद्धतींत एक अडचण सामाईक होती. दहा हजार पत्रांची यादी दाखवायची, तर दहा हजार पत्रे वाचून काढावी लागत. म्हणून सूची आली. नेटस्केपच्या टपाल-प्रोग्रामात जेमी झविन्स्की आणि टेरी वाइसमन यांनी प्रत्येक फोल्डरासोबत सारांशाची एक छोटी फाईल ठेवली : विषय, पाठवणारा, तारीख, पत्राची जागा. मूळ फोल्डराची तारीख किंवा आकार सूचीशी जुळला नाही, तर प्रोग्राम सूची खुशाल फेकून देई आणि मूळ पत्रांवरून नवी तयार करी.

६/
इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद परिचयाचा आहे. दफ्तरातला अस्सल कागद वेगळा आणि त्या कागदांची सूची वेगळी. सूची जळाली तर कष्ट वाढतात, इतिहास जात नाही. मात्र सूची करणाऱ्याने आपल्या प्रतीच्या समासात कागदावर नसलेले काही लिहून ठेवले असेल, तर ते सूचीबरोबरच जाते. केमेलची पुढची सारी कहाणी या समासातल्या नोंदींची आहे.

७/
केडीईची घोषणा १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतील मॅथियास एट्रिश या विद्यार्थ्याने केली. १९९८ च्या जुलैत आलेल्या केडीई १.० मध्ये केमेल होते. त्याचीही पद्धत तीच : पत्रे एमबॉक्स वा मेलडिर स्वरूपात, शेजारी लपवलेली सूची. पण 'वाचले', 'महत्त्वाचे', 'उत्तर दिले' अशा कित्येक खुणा मुख्यतः त्या सूचीतच राहत. सूची बिघडून पुन्हा बांधली गेली, की पत्रे परत मिळत आणि तीन वर्षांपूर्वीची पत्रे 'न वाचलेली' म्हणून ठळक अक्षरांत समोर उभी राहत. रोग जुना होता. त्याचे स्वरूप अजून सौम्य होते, इतकेच.

८/
२००५-०६ च्या सुमारास केडीईच्या टपाल, दिनदर्शिका व पत्तेवही सांभाळणाऱ्या गटापुढे वेगळाच प्रश्न होता. केमेल, कॉर्गनायझर आणि पत्तेवही हे प्रोग्राम आपापला साठा आपापल्या रीतीने ठेवत. पत्तेवही उघडणारा प्रत्येक प्रोग्राम ती संपूर्ण स्मृतीत ओढून घेई. केमेल बंद असेल तर दुसऱ्या प्रोग्रामाला पत्रांपर्यंत पोचता येत नसे. जर्मनीतील ओस्नाब्रुक शहरात या गटाच्या बैठका भरत. अशा चर्चांतून निघालेला उपाय असा, की सर्वांसाठी एकच मध्यस्थ असावा. टपाल, भेटीगाठी, पत्ते काहीही असो; मागणी मध्यस्थाकडे करायची.

९/
या मध्यस्थाला अकोनाडी हे नाव मिळाले. घाना देशातील न्यायदेवतेचे, कौल देणाऱ्या देवीचे हे नाव. पुढे लोकांना तिचे कौल किती दुर्बोध वाटले, हे पाहता नाव ठेवणाऱ्यांची दूरदृष्टी मान्य करावी लागते.

१०/
अकोनाडीच्या पोटात डेटाबेस होता आणि त्यासाठी मायएसक्यूएल निवडले गेले. संकेतस्थळांच्या मागे चालणारा हा भारदस्त सर्व्हर घरगुती टपालासाठी कशाला, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जाई. निवडीमागे कारण होते. अकोनाडीशी एकाच वेळी अनेक प्रोग्राम बोलत. प्रत्येक खात्यासाठी पार्श्वभूमीवर एक वेगळा कारभारी असे आणि तोही लिहीत असे. एसक्यूलाइट हा हलका पर्याय होता, पण त्याची त्या वेळची रीत लिहिताना सबंध फाईल अडवून धरण्याची होती. अनेक हातांनी एकदम लिहायचे असेल तर ती अपुरी पडे.

११/
इथे एक गैरसमज मूळ धरून बसला. हा मायएसक्यूएल संगणकाचा सार्वजनिक सर्व्हर नव्हता. अकोनाडी प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाने स्वतःचा खाजगी सर्व्हर सुरू करी, त्याचा साठा वापरकर्त्याच्याच लपलेल्या फोल्डरात ठेवी आणि त्याच्याशी नेटवर्कवरून नव्हे, तर एका स्थानिक सॉकेटवरून बोले. टपाल चालेना म्हणून कित्येकांनी प्रशासकाचा पासवर्ड शोधला, सार्वजनिक सर्व्हर पुन्हा पुन्हा सुरू केला. चुकीच्या दारावर धक्के मारण्यात त्यांचे दिवस गेले. शिवाय एकही पत्र नसताना हा साठा सुमारे शंभर एमबी जागा व्यापी. २००८ साली ती गोष्ट डोळ्यांत खुपणारी होती.

१२/
केडीई ४.० जानेवारी २००८ मध्ये आले, अकोनाडी त्याच वर्षी ४.१ मध्ये. २०१० च्या फेब्रुवारीत, ४.४ या आवृत्तीत, पत्तेवही अकोनाडीवर हलवली गेली आणि सामान्य वापरकर्त्याची या मध्यस्थाशी पहिली गाठ पडली. ती बहुधा आत्मपरीक्षणाच्या खिडकीतून पडे. मायएसक्यूएलचा प्रोग्राम सापडला का, त्याच्याशी बोलणारा दुवा बसवला आहे का, सर्व्हरच्या लॉगमध्ये चूक नोंदली आहे का, अशा तपासण्यांची यादी हिरव्या-लाल खुणांसह समोर येई. ज्याला फक्त मावशीचा पत्ता हवा होता, त्याला ही यादी वाचावी लागे.

१३/
केमेलचे स्थलांतर इतके अवघड ठरले, की ऑगस्ट २०१० च्या केडीई ४.५ सोबत टपालाचा नवा संच आलाच नाही. जुन्याच संचावर भागवावे लागले. वर्षभराने तो आला, तेव्हा जुन्या केमेलची खाती, फोल्डरे आणि सूचीतल्या खुणा अकोनाडीत नेण्याचे काम एका स्थलांतर-प्रोग्रामाकडे सोपवले होते. ज्यांचे स्थलांतर अर्ध्यावर थांबले, त्यांच्या वाट्याला आरंभी सांगितलेला तो निरोप आला.

१४/
अकोनाडीच्या कर्त्यांचे म्हणणे पहिल्यापासून एकच होते : हा साठा तात्पुरता आहे. पत्रे सर्व्हरवर किंवा मेलडिरमध्ये असतात, डेटाबेस ही केवळ जलद उत्तरासाठी ठेवलेली नक्कल आहे. तत्त्व निर्दोष आहे. मग बिघडल्यास तो पुसून टाकावा आणि नव्याने भरू द्यावा, हा सल्ला त्यातून सरळ निघतो. तो सल्ला हजारो वेळा दिला गेला, पाळला गेला आणि पाळणाऱ्यांना पश्चात्तापही झाला.

१५/
कारण समासातल्या नोंदी. अकोनाडी प्रत्येक फोल्डराला एक अनुक्रमांक देते. केमेलच्या चाळण्यांमध्ये, म्हणजे अमुकाचे पत्र आले की तमुक फोल्डरात टाक अशा नियमांमध्ये, फोल्डराचे नाव नसून हा क्रमांक लिहिलेला असे. पाठवलेल्या पत्रांची प्रत कुठे ठेवायची, तेही क्रमांकानेच ठरे. डेटाबेस पुसून नवा बांधला की फोल्डरांना नवे क्रमांक मिळत. पत्रे सगळी परत येत. पण चाळण्या आता अस्तित्वात नसलेल्या फोल्डराकडे बोट दाखवत, किंवा त्याहून वाईट म्हणजे, त्या क्रमांकावर येऊन बसलेल्या भलत्याच फोल्डराकडे. दफ्तरातले सारे रुमाल जाग्यावर असावेत, पण ग्रंथांच्या तळटीपांतले रुमाल-क्रमांक एका रात्रीत बदलावेत, तसा हा प्रकार.

१६/
दुसरी नोंद अधिक गंभीर. जोडणी तुटलेली असताना कोणी पत्र दुसरीकडे हलवले, खूण केली, मसुदा जतन केला, तर तो बदल दूरच्या सर्व्हरपर्यंत पोचेपर्यंत फक्त अकोनाडीकडे असे. त्या क्षणी नक्कल हीच अस्सल असते. तेवढ्यात साठा पुसला तर तो बदल जगात दुसरीकडे कुठेच नसतो.

१७/
थंडरबर्डशी तुलना बोलकी आहे. २००९ च्या डिसेंबरात आलेल्या थंडरबर्ड ३ मध्ये सर्व पत्रांच्या शोधासाठी एसक्यूलाइटची एक फाईल होती. ती बिघडली तर प्रोग्राम बंद करून पुसायची. तो पुढच्या वेळी स्वतःच नवी बांधतो, पत्राला धक्का लागत नाही. त्याच्या फोल्डरांच्या सूची मॉर्क नावाच्या, झविन्स्कींनी यथेच्छ झोडपलेल्या स्वरूपात होत्या. पण एमबॉक्सचे फोल्डर दुरुस्त करण्याची रीत तीच, सूची टाका आणि मूळ पत्रांवरून नवी करा. नोमच्या इव्होल्यूशनने २००८ मध्ये आपल्या फोल्डरांचे सारांश एसक्यूलाइटमध्ये नेले. दोन्ही ठिकाणी डेटाबेस पत्रांच्या शेजारी उभा होता. केमेलमध्ये तो पत्रांच्या आणि वाचकाच्या मध्ये उभा होता.

१८/
अकोनाडीच्या तक्रारींत एक वाक्य सर्वांत कुप्रसिद्ध झाले. त्याचा आशय : जुळणाऱ्या नोंदी एकाहून अधिक आहेत, काम थांबवत आहे. यामागची यंत्रणा समजण्याजोगी आहे. प्रत्येक पत्राच्या नोंदीत अकोनाडीचा स्वतःचा क्रमांक असतो आणि मूळ ठिकाणची ओळखही असते. खात्याचा कारभारी पत्र घेऊन आला, की अकोनाडी त्या ओळखीची जुनी नोंद शोधून तिच्यात बदल करते. एखाद्या अर्धवट राहिलेल्या व्यवहारामुळे एकाच ओळखीच्या दोन नोंदी झाल्या असतील, तर यांपैकी खरी कोणती, हे तिला ठरवता येत नाही. ती निवाडा देत नाही. पंक्तीतून उठून जाते. त्यानंतर त्या फोल्डरात नवे पत्र येत नाही.

१९/
एका दुबार नोंदीसाठी अख्खे फोल्डर अडावे, हे वापरकर्त्याला अन्यायाचे वाटे, आणि ते चूक म्हणता येत नाही. तरी न्यायदेवतेची बाजूही ऐकावी. दोघींतली एक नोंद अंदाजाने निवडली असती आणि ती चुकीची निघाली असती, तर पत्र मुकाट्याने नष्ट झाले असते. अडून बसलेले टपाल दिसते तरी.

२०/
जाणकारांचा क्रम मग असा ठरत गेला. प्रथम अकोनाडी नियंत्रणाच्या आज्ञेने थांबवायची आणि तिचा साठा दुसरीकडे नकलून ठेवायचा. मग सर्व्हरचा चुकांचा लॉग वाचायचा. डिस्क भरली आहे, फाईलची मालकी बदलली आहे, सुरक्षेच्या नियमांनी सर्व्हरला अडवले आहे, अशी साधी कारणे तिथे स्पष्ट लिहिलेली असत. त्यानंतर तपासणीची आज्ञा. ती अनाथ नोंदी शोधी आणि कोणत्याच नोंदीला न जोडलेल्या पत्रांच्या फाईली 'हरवले-सापडले' अशा अर्थाच्या फोल्डरात नेऊन ठेवी. तरीही दुबार नोंदी उरल्याच, तर डेटाबेसमध्ये स्वतः प्रश्न विचारून त्या हुडकायच्या. साठा पुसणे सर्वांत शेवटी, आणि त्याआधी चाळण्यांची प्रत काढून.

२१/
त्या काळातला सगळाच दोष डेटाबेसवर ढकलणे योग्य नाही. अकोनाडीतला मजकूर शोधयोग्य करण्यासाठी तो नेपोमुक या दुसऱ्या यंत्रणेकडे जाई. संगणकाचा पंखा घोंगावू लागला की लोक अकोनाडीला शिव्या देत, आणि पुष्कळदा दोषी नेपोमुक असे. एप्रिल २०१४ मध्ये केडीई ४.१३ सोबत बालू ही हलकी यंत्रणा तिच्या जागी आली, तेव्हा अनेकांचे टपाल एकाएकी सुधारले.

२२/
एक संकट मात्र थेट व्यापाराच्या इतिहासातून आले. मायएसक्यूएल १९९५ साली मायकेल विडेनियस आणि सहकाऱ्यांनी घडवले. 'माय' हे विडेनियस यांच्या मुलीचे नाव. जानेवारी २००८ मध्ये, म्हणजे केडीई ४.० आले त्याच महिन्यात, सन कंपनीने सुमारे १ अब्ज डॉलर्सना मायएसक्यूएल घेण्याचे जाहीर केले. २०१० च्या जानेवारीत सन ओरॅकलच्या ताब्यात गेली. त्याआधीच, २००९ मध्ये, विडेनियस यांनी शाखा फोडून मारियाडीबी सुरू केले होते. मारिया ही त्यांची धाकटी मुलगी. २०१३ मध्ये फेडोरा, ओपनसुसे आणि आर्च मारियाडीबीकडे वळले, २०१७ मध्ये डेबियन ९.

२३/
या घराण्याच्या वाटणीची झळ केमेलपर्यंत अशी पोचली. डेटाबेस आपले प्रत्येक पाऊल आधी एका रोजनाम्यात लिहितो; अचानक वीज गेली तर पुन्हा उठल्यावर रोजनामा वाचून अर्धवट काम पुरे करतो. मारियाडीबी १०.२ च्या काळात या रोजनाम्याची लिपी बदलली. नीट बंद केलेला डेटाबेस नव्या सर्व्हरला चाले, कारण रोजनाम्यात काही उरलेले नसे. पण अकोनाडी चालू असतानाच संगणक एकदम बंद पडला असेल आणि त्यानंतर लिनक्स अद्ययावत झाले असेल, तर नवा सर्व्हर जुनी लिपी वाचून काम पुढे न्यायला साफ नकार देई.

२४/
लॉगमध्ये त्याचे कारण नीट लिहिलेले असे : कोसळल्यानंतर थेट नव्या आवृत्तीवर जाता येत नाही. उपायही ठाऊक होता. जुनी आवृत्ती परत बसवायची, तिच्याकडून रोजनामा पुरा करून घ्यायचा, सर्व्हर शांतपणे बंद करायचा आणि मगच नवी आवृत्ती. ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती उरली नव्हती, त्यांतले कित्येक रोजनामाच पुसून मोकळे झाले. काहींचे निभावले. काहींच्या हाती अर्धवट व्यवहारांनी भरलेला डेटाबेस आला, आणि त्यातून पुढे दुबार नोंदी. पोस्टग्रेएसक्यूएल निवडलेल्या मोजक्या लोकांनाही सुटका नव्हती. मोठी आवृत्ती बदलली, की जुना साठा रूपांतराविना उघडत नसे.

२५/
इथे मूळ निवडीचा खरा खर्च दिसतो. डेटाबेस सर्व्हर हे प्रशासक असलेल्या जागेसाठी घडलेले यंत्र आहे. बंद करणारा, प्रत काढणारा, आवृत्ती बदलण्यापूर्वी सूचना वाचणारा कोणीतरी तिथे असतो. घरी तो नसतो. अकोनाडीने प्रत्येक वापरकर्त्याला न विचारता डेटाबेसचा प्रशासक करून टाकले होते.

२६/
सुटकेचा मार्ग निघाला तो २००८ मध्ये बाजूला ठेवलेल्या एसक्यूलाइटमधून. तिचा जन्म वाचण्याजोगा आहे. २००० च्या सुमारास डी. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या एका क्षेपणास्त्र-विनाशिकेसाठी प्रोग्राम लिहीत होते. जहाजाला इजा झाल्यास कोणत्या झडपा उघडायच्या वा मिटायच्या, हे ठरवण्यास तो साहाय्य करणार होता. त्यामागे इन्फॉर्मिक्स हा डेटाबेस सर्व्हर होता. सर्व्हर बंद पडला, की हिप यांचा प्रोग्राम 'डेटाबेसशी जोडणी होत नाही' असे सांगून हात टेके, आणि बोल मात्र त्यांच्या प्रोग्रामाला लागे. सर्व्हर नसलेला, थेट फाईलवर चालणारा डेटाबेस का असू नये, हा प्रश्न तिथे पडला. २००० च्या ऑगस्टमध्ये एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती आली.

२७/
२०१० च्या जुलैत एसक्यूलाइट ३.७ ने लिहिण्याची नवी रीत आणली. बदल आधी शेजारच्या रोजनाम्यात जात, त्यामुळे एक जण लिहीत असताना इतरांना वाचता येऊ लागले. मूळ आक्षेपाची धार त्याने बरीच बोथट झाली. तरी अकोनाडीत एसक्यूलाइटचा पर्याय अनेक वर्षे नावापुरताच होता. तो वापरणाऱ्यांना अडकलेल्या कुलुपांचा अनुभव येई. अकोनाडीचे काम पाहणारे डॅनियल व्राटिल यांनी २०२३ मध्ये तो मन लावून दुरुस्त केला. २०२४ च्या आरंभीच्या केडीई संचासोबत एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेणारे स्थलांतराचे साधनही आले. ते नोंदी जशाच्या तशा उचलते, म्हणून फोल्डरांचे क्रमांक टिकतात आणि चाळण्या आपापल्या फोल्डराकडेच बोट दाखवत राहतात.

२८/
या साधनाची एक अट आहे. जुन्या साठ्यातल्या नोंदी वाचण्यासाठी तो जुना सर्व्हर एकदा, शेवटचा, नीट सुरू व्हावा लागतो. ज्यांचा होतो, त्यांचे काम थोड्या वेळात आटोपते. ज्यांचा होत नाही, त्यांना आजही आधीचाच मार्ग : साठ्याचे फोल्डर बाजूला सरकवायचे, पत्रे पुन्हा भरू द्यायची आणि मग चाळण्यांची खिडकी उघडून एकेका नियमासमोर योग्य फोल्डर हाताने निवडत बसायचे.